रिकाम्या चर्चची बातमी आणि आपले घर

मोबाईलवर अधूनमधून एक संदेश फिरत असतो. युरोपातल्या एखाद्या जुन्या, भव्य चर्चचा फोटो, आत रिकामे बाक, आणि खाली मजकूर असा की यांची मुले आता चर्चमध्ये येत नाहीत, नास्तिक झाली आहेत, चर्च विकायला काढले आहे. पाठवणाऱ्याने वर 'सुब्हानल्लाह' लिहिलेले असते. आमच्याकडेही असे संदेश येतात. या सदराच्या दोन वाचकांनी त्याच संदर्भात विचारले की ख्रिस्ती लोक आपला धर्म का सोडतात, यावर एकदा लिहा. विषय नाजूक आहे. दुसऱ्याच्या घरातल्या पडझडीवर लिहिताना जिभेवर लगाम हवा. तो सांभाळून लिहितो.

आधी आकडे पाहू, कारण बातमी खोटी नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या २०११ च्या जनगणनेत ५९ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटले होते. २०२१ मध्ये हे प्रमाण ४६ टक्क्यांवर आले आणि 'कोणताही धर्म नाही' म्हणणारे २५ वरून ३७ टक्के झाले. अमेरिकेत प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीत २००७ मध्ये ७८ टक्के लोक ख्रिस्ती होते. २०२३-२४ मध्ये ते ६२ टक्के उरले.

आता याच संस्थेचा दुसरा आकडा. तो मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. २०१८ मध्ये तिने सांगितले की अमेरिकेत मुस्लिम घरात वाढलेल्या प्रौढांपैकी सुमारे एक चतुर्थांश आज स्वतःला मुस्लिम म्हणवत नाहीत, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक कोणत्याच धर्मात नाहीत. जवळपास तेवढेच लोक नव्याने इस्लाममध्ये आले, म्हणून एकूण संख्या घटलेली दिसत नाही. आलेल्यांबद्दल आपण आनंद मानतो. पण गेलेली मुलेही कोणाची तरी होती. कोणीतरी त्यांना बोट धरून मशिदीत नेले होते.

म्हणून 'ते का सोडतात' हा प्रश्न परीक्षकाच्या खुर्चीत बसून विचारण्याचा नाही. आजारी शेजाऱ्याची विचारपूस करताना आपण आपल्या घरातल्या पाण्याचीही चौकशी करतो, तसा तो विचारायला हवा.

पहिली गोष्ट चार्ल्स ब्रॅडलॉ यांची. १८३३ साली लंडनमधल्या एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. पंधरा-सोळाव्या वर्षी हा मुलगा चर्चच्या रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकवत होता. एकदा बिशप येणार म्हणून पाद्रीसाहेबांनी त्याला तयारी करायला सांगितले. मुलगा मन लावून अभ्यासाला बसला. चारही शुभवर्तमाने त्याने शेजारी शेजारी ठेवून वाचली, तेव्हा काही ठिकाणी मजकूर जुळेना. त्याने पाद्रीसाहेबांना पत्र लिहून मदत मागितली. उत्तर आले नाही. पाद्रीसाहेबांनी त्याच्या वडिलांना कळवले की मुलगा नास्तिक झाला आहे, आणि त्याचे शिकवणे बंद केले. थोड्याच दिवसांत त्या मुलाचे घर सुटले आणि कामही गेले. ज्यांनी त्याला आसरा दिला ते धर्म न मानणारे लोक होते.

पुढे हेच ब्रॅडलॉ इंग्लंडचे सर्वांत प्रसिद्ध नास्तिक झाले. १८८० मध्ये ते पार्लमेंटवर निवडून आले, पण शपथेच्या वादामुळे आपली जागा कायमची मिळायला त्यांना १८८६ पर्यंत झगडावे लागले. हिंदुस्थानच्या बाजूने ते इतके बोलत की डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईला काँग्रेसच्या अधिवेशनात त्यांचे मोठे स्वागत झाले. १८९१ मध्ये ते वारले तेव्हा लंडनमध्ये शिकणारे तरुण गांधीजीही अंत्ययात्रेला हजर होते.

शिक्षक म्हणून आमचे लक्ष त्या पहिल्या पत्राशी अडते. पत्र लिहिणारा मुलगा नास्तिक नव्हता. नास्तिक मुलगा पाद्रीला पत्र लिहून मदत मागत नाही. तो ज्यांना आपले समजत होता त्यांनीच त्याला तो शिक्का दिला, आणि शिक्का बसल्यावर तो त्याच दिशेने चालत गेला.

दुसरी गोष्ट ॲनी बेझंट यांची. त्या भारतात आल्या आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. त्याआधी त्या एका पाद्रीच्या पत्नी होत्या, हे फारसे वाचत नाही. १८७१ मध्ये त्यांच्या दोन्ही लहानग्यांना डांग्या खोकला झाला. धाकटी मेबल मरणाच्या दारातून परत आली. कित्येक आठवडे रात्रंदिवस त्या बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईच्या मनात प्रश्न आला की दयाळू परमेश्वर या निष्पाप जिवाला असे का तडफडवतो? त्यांनी पुस्तके वाचली. शेवटी ऑक्सफर्डचे मोठे धर्मपंडित डॉ. प्युझी यांच्याकडे गेल्या. त्यांनी सांगितले की तुम्ही आधीच फार वाचले आहे. चर्च सांगते ते मान्य करणे एवढेच तुमचे काम. १८७३ मध्ये बेझंट पतीचे घर सोडून बाहेर पडल्या आणि पुढे ब्रॅडलॉ यांच्या सहकारी झाल्या. नंतर त्या थिऑसफीकडे वळल्या, म्हणजे नास्तिकपणातही त्यांचे मन रमले नाही. पण ज्या दारातून त्या बाहेर पडल्या त्या दारातून परत आत गेल्या नाहीत.

हा प्रश्न इंग्लंडच्या बाईंचाच आहे असे कोणी समजू नये. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी आपल्या चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, माळ्यापर्यंत चढले, आणि कित्येक घरांची आयुष्यभराची कमाई चिखलात गेली. त्यानंतर शाळा भरल्या तेव्हा नववीतल्या एका मुलाने विचारले होते, "सर, आमचे अब्बा कधी नमाज चुकवत नाहीत. मग आमचेच दुकान का बुडाले?" शेजारच्या बाकावरून लगेच आवाज आला, "तौबा कर!" त्या मुलाला तौबा करायला लावणे सोपे होते. पण त्याने गुन्हा केला नव्हता. दुकान बुडालेल्या घरातले मूल बोलत होते. हजरत अय्यूब (अ.) यांचा आजार, प्रेषितांच्या (स.) आयुष्यातले ते दुःखाचे वर्ष, लहानग्या इब्राहीमच्या मृत्यूवर त्यांच्या डोळ्यांतून आलेले पाणी, हे सारे अशाच मुलांना सांगण्यासाठी आहे. संकट म्हणजे शिक्षाच असे नाही आणि नमाज म्हणजे दुकानाचा विमा नाही, हे मुलाला रागावून सांगता येत नाही. जवळ बसवून सांगावे लागते.

तिसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्राची, आणि ती वेगळ्या वळणाची आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील जोगिणींच्या आश्रमात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. संस्कृत शास्त्रे मुखोद्गत असलेली ही बाई मुकाट्याने मान डोलावणारी नव्हती. एक परमेश्वर तीन रूपांत कसा, येशूंचे देवत्व कोणत्या आधारावर मानायचे, असे त्या थेट विचारू लागल्या. हे प्रश्न आपल्या वाचकांना परके वाटणार नाहीत. आश्रमातल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसला. त्यांची अपेक्षा आज्ञापालनाची होती. रमाबाईंनी कळवले की एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे, दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही.

त्याच वेळी चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याकडे रमाबाई शिकत होत्या. बीलबाईंनी रमाबाईंचे प्रश्न प्रश्न म्हणूनच घेतले. लांब पत्रे लिहिली, मतभेद मान्य केले, घाई केली नाही. हा सगळा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. शिक्षकांनी तो जरूर पाहावा. रमाबाई अखेरपर्यंत ख्रिस्ती राहिल्या, केडगावला मुक्ती मिशन उभारून हजारो निराधार स्त्रियांचा आधार झाल्या, आणि १९२२ मध्ये तिथेच वारल्या. त्यांच्या श्रद्धेशी आपले पटणार नाही. पण एकाच स्त्रीचा एकच प्रश्न, आणि दोन शिक्षिकांनी तो दोन तऱ्हांनी हाताळला, हे पाहण्यासारखे आहे. एकीपाशी रमाबाई कडक होत गेल्या, दुसरीपाशी बोलत राहिल्या.

चौथे उदाहरण केरळचे, पण त्याचा शेवट मुंबईत होतो. जोसेफ एडमरुकू हे तिथल्या ख्रिस्ती घरातले. तरुणपणी धर्मप्रचार करत. येशू हा मनुष्य होता, असे सांगणारे पुस्तक त्यांनी लिहिले आणि चर्चने त्यांना बाहेर काढले. हजरत ईसा (अ.) हे अल्लाहचे बंदे आणि प्रेषित होते, असे आपणही मानतो. म्हणून कोणाला वाटेल की त्रैक्यावरचा विश्वास उडाला की माणूस आपोआप तौहीदकडे येणार. तसे घडले नाही. एडमरुकू थेट ईश्वर नाकारण्यापर्यंत गेले आणि विवेकवादी चळवळीचे पुढारी झाले. एका घराची भिंत पडली की तिथला माणूस शेजारच्या घरातच येईल, असा नियम नाही. तो रस्त्यावरही राहतो.

त्यांचे पुत्र सनल एडमरुकू मार्च २०१२ मध्ये मुंबईत आले होते. विलेपार्ले भागातल्या एका चर्चबाहेरच्या क्रुसावरील मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकत होते. भाविक ते पवित्र म्हणून घेत होते. सनल यांनी पाहणी करून सांगितले की जवळच्या तुंबलेल्या सांडपाण्याची ओल भिंतीतून वर चढते आहे. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे. त्यानंतर धार्मिक भावना दुखावल्याबद्दल त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रारी झाल्या आणि त्याच वर्षी ते फिनलंडला निघून गेले. बोलताना त्यांनी चर्चवर बोचरी टीकाही केली होती, हे खरे. तरी विचार करा: ज्या तरुण ख्रिस्ती मुलाने ती पाण्याची गोष्ट बातम्यांत पाहिली असेल, त्याच्या मनावर कशाचा परिणाम अधिक झाला असेल? नळ दुरुस्त करून 'आमची चूक झाली' म्हटले असते तर श्रद्धेला धक्का लागला नसता.

आपल्याकडे याचा धडा फार जुना आहे. प्रेषितांचे (स.) पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की मुलाच्या मृत्यूमुळे सूर्यही काळवंडला. दुःखात बुडालेल्या बापाला हे ऐकून बरे वाटले असते, आणि लोकांचा विश्वासही वाढला असता. पण प्रेषितांनी (स.) तिथेच स्पष्ट केले की सूर्य-चंद्र ही अल्लाहची चिन्हे आहेत, कोणाच्या मरण्या-जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. खोट्या चमत्काराच्या आधारावर ईमान उभे करायचे नाही, हे त्यांनी स्वतःच्या मुलाच्या मृत्यूच्या दिवशी शिकवले. भोपळ्यावर किंवा ढगावर 'अल्लाह' उमटल्याचे फोटो पाठवताना हे आठवावे. उद्या मुलाला तो फोटो बनावट असल्याचे कळले, तर त्याचा अविश्वास फोटोवर थांबेलच असे नाही.

पाचवे कारण सर्वांत कडू आहे. आयर्लंड हा कट्टर कॅथलिक देश. तिथे २००९ मध्ये चौकशी आयोगांचे दोन अहवाल आले. चर्चच्या वसतिगृहांत आणि शाळांत दशकानुदशके मुलांवर अत्याचार झाले आणि वरच्या धर्मगुरूंनी नाव खराब होऊ नये म्हणून ते दडपले, हे त्यांत पुराव्यानिशी मांडले होते. २०११ मध्ये ८४ टक्के आयरिश लोक स्वतःला कॅथलिक म्हणवत होते. २०२२ मध्ये ६९ टक्के. गुन्हा करणारे थोडे असतात. लोकांचे मन उडाले ते झाकणाऱ्यांमुळे. आपल्या कोणत्याही मकतबात, मदरशात, शिकवणीत मुलाने 'मला तिथे जायचे नाही' म्हटले, तर आधी त्याचे ऐकून घ्या. जमातीची अब्रू झाकण्याने राहत नाही. मुलाच्या बाजूने उभे राहिले तरच ती राहते.

आता एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. धर्म सोडणारे सगळेच दुखावलेले असतात, असे म्हणणे आपल्या सोयीचे आहे, पण खरे नाही. काही जण शांतपणे वाचून, विचार करून त्या निर्णयाला येतात. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या विद्वानांनीच बायबलची कसून चिकित्सा केली. आपल्या मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांनी १८५४ मध्ये आग्ऱ्याला पाद्री फँडर यांच्याशी वाद घातला तेव्हा डॉ. वजीर खान यांनी मिळवलेली तीच युरोपीय पुस्तके त्यांच्या हाताशी होती. फँडर त्यासाठी तयार नव्हते. हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो. पण त्यातून एक जबाबदारी येते. दुसऱ्याच्या ग्रंथाला जे प्रश्न आपण विचारले, तसे प्रश्न आपल्याला विचारणारेही आज मोबाईलमध्ये आहेत, आणि ते आपल्या दहावीतल्या मुलापर्यंत आपल्या आधी पोहोचतात. फँडर साहेबांसारखे बेसावध राहून चालणार नाही.

चिपळूणकर म्हणून आणखी एक नाव टाळता येत नाही. शहराला लागून असलेल्या मिरजोळीत १९३२ मध्ये हमीद दलवाई जन्मले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व याविरुद्ध त्या स्त्रिया उभ्या होत्या. १९७० मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. १९७७ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे धार्मिक विधी न करता दहन झाले. धर्माबद्दलची त्यांची मते आम्हाला मान्य नाहीत आणि या मासिकाच्या बहुतेक वाचकांनाही मान्य नसतील. पण त्या सात स्त्रियांचे रडणे खरे होते. एका दमात दिलेल्या तीन तलाकला आपले उलमाही बिदअत म्हणत आले आहेत. तरी त्या बायकांना जमातीच्या दारात न्याय मिळाला नाही म्हणून प्रश्न रस्त्यावर आला, आणि शेवटी २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयात सुटला. जी गोष्ट दीनच्या आधारानेच घरात सुटू शकत होती, ती दीनच्या विरोधातली म्हणून गाजली. यात नुकसान कोणाचे झाले, याचा विचार ज्याने त्याने करावा.

मग प्रश्न विचारणाऱ्या मुलाशी वागावे कसे? आपल्याकडे मार्ग आहे, तो नवा शोधायचा नाही. सूरह बकरामध्ये हजरत इब्राहीम (अ.) अल्लाहलाच विचारतात की मेलेल्यांना तू जिवंत कसे करतोस, ते मला दाखव. विश्वास आहे, पण मनाचे समाधान हवे, असे ते सांगतात. त्यांना दटावले गेले नाही. चार पक्ष्यांचा दाखला देऊन दाखवले गेले. सहीह मुस्लिममध्ये येते की काही साथीदारांनी प्रेषितांना (स.) सांगितले, आमच्या मनात असे विचार येतात की ते उच्चारणेही जड वाटते. त्या अस्वस्थतेलाच त्यांनी ईमानचे लक्षण म्हटले. एक तरुण तर भर सभेत व्यभिचाराची परवानगी मागायला आला. लोक त्याच्यावर धावले. प्रेषितांनी (स.) त्याला जवळ बसवले, तुझ्या आईबद्दल, बहिणीबद्दल कोणी असे मागितले तर चालेल का, असे विचारत विचारत त्याच्याच तोंडून उत्तर काढले, आणि छातीवर हात ठेवून दुआ दिली. इमाम गजालींसारखा महापंडित सुमारे दोन महिने शंकेच्या अंधारात होता, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. इमाम मालिक यांना एकदा अठ्ठेचाळीस प्रश्न विचारले गेले आणि बत्तीस प्रश्नांना त्यांनी 'मला ठाऊक नाही' म्हटले, असे सांगतात.

तेव्हा घरात एवढे तरी करावे. मुलाने प्रश्न विचारला की तो चारचौघांत सांगून त्याची शोभा करू नये. 'नास्तिक', 'काफिर' असले शब्द आपल्या लेकरासाठी तोंडातून काढू नयेत. ब्रॅडलॉच्या वडिलांना तो शब्द फार महाग पडला. उत्तर येत नसेल तर 'विचारून सांगतो' म्हणावे आणि खरोखरच विचारून सांगावे. मौलानासाहेबांपैकी ज्यांना तरुण मुलांशी बोलता येते, अशांकडे मुलाला घेऊन जावे, पाठवू नये. आणि कुरआन नाजिरा पूर्ण झाले म्हणजे काम संपले, असे मानू नये. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल आजच्या सोप्या मराठीत आणले, त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. मुलाला अर्थ त्याच्या भाषेत कळला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. कुरआनचे मराठी अनुवाद उपलब्ध आहेत. जे मूल शाळेत मराठीत विचार करते, त्याच्या घरात एक प्रत असावी, आणि ती कपाटाच्या वरच्या फळीवर न राहता जेवणानंतर दहा मिनिटे उघडली जावी.

एवढे सारे करूनही एखादे मूल दूर जाईल. हिदायत आपल्या हातात नाही, हजरत नूह (अ.) यांच्या मुलानेही बापाची हाक ऐकली नाही. पण शेवटपर्यंत बाप हाक मारत होता. मुलाचे विचार बदलले म्हणून त्याचे ताट उचलू नका, त्याच्या आईला फोनवर बोलायला मना करू नका. दार उघडे असेल तर परतीची वाट राहते.

आणि तो रिकाम्या चर्चचा फोटो पुन्हा आला, तर पुढे पाठवण्याआधी घरातल्या सोळा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला एवढेच विचारा: तुझ्या मनात दीनबद्दल असा कोणता प्रश्न आहे, जो तू आम्हाला विचारला नाहीस? मग गप्प बसून ऐका.